प्रिंटर का रुसतो? गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाची गोष्ट

आज वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटा प्रयोग करून बघा. ऑफिसातल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या एखाद्या विंडोज कम्प्युटरवर नवीन फोल्डर तयार करा आणि त्याला इंग्रजीतली पी, आर, एन ही तीन अक्षरं नाव म्हणून द्या. बहुतेक वेळा कम्प्युटर ऐकणार नाही. हे डिव्हाइसचं नाव आहे, चालणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी सांगून तो मोकळा होईल. सी, ओ, एन ही अक्षरं दिलीत तरी तेच.

ही गंमत तुमच्या मोठ्या भावंडांना ठाऊक असेल. ईमेल फॉरवर्डच्या जमान्यात एक मेसेज आपल्याकडे जाम फिरला होता. एका भारतीयाने शोधून काढलंय की 'कॉन' नावाचं फोल्डर कुठेच बनत नाही, आणि खुद्द बिल गेट्सलाही याचं कारण सांगता येत नाही! फोल्डर बनत नाही हे खरं होतं. कारण कोणालाच माहीत नाही ही मात्र शुद्ध थाप. पीआरएन म्हणजे प्रिंटर आणि कॉन म्हणजे कन्सोल, अर्थात समोरचा कीबोर्ड आणि स्क्रीन. पूर्वी फाइल प्रिंटरवर पाठवायची तर ती 'पीआरएन' या नावाकडे कॉपी करायची, की कागद बाहेर. ते नाव उपकरणासाठी राखून ठेवलेलं, म्हणून फोल्डरला मिळत नाही. एवढंच.

पण ही नावं घरोघरच्या छोट्या कम्प्युटरमध्ये आली कोणामुळे? त्या माणसाचं नाव गॅरी किल्डॉल. तो १९९४ मध्ये गेला, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी. त्याची गोष्ट आज सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. पहिली नोकरी लागते, ऑफिसात वयाने सगळ्यात लहान तुम्ही असता, आणि प्रिंटर बंद पडला की सगळे तुमच्याकडे बघतात. तू मोबाइलवर एवढं सगळं करतोस, मग हे बघ ना जरा! आणि तिथे दोनच भानगडी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक तर ड्रायव्हर, नाहीतर परमिशन. पहिल्या भानगडीचं उत्तर गॅरीने पन्नास वर्षांपूर्वी दिलं होतं. दुसरा प्रश्न त्याच्या मशीनवर कोणाला पडतच नव्हता. ही दोन वाक्यं नीट समजली तर अर्धा गुंता सुटतो.

जहाजवाल्यांच्या शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल या बंदराच्या शहरातला. त्याच्या घरची एक शाळा होती. समुद्रावर जहाज कसं हाकायचं, नकाशावर आपण कुठे आहोत हे कसं काढायचं, हे शिकवणारी शाळा. आजोबांनी काढलेली, पुढे वडिलांनी चालवलेली. गॅरीनेही तिथे शिकवलं. आपण गणिताचे मास्तर व्हायचं असं डोक्यात ठेवून तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे कम्प्युटरच्या नादाला लागला.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ. सक्तीने सैन्यात जावं लागणार हे दिसत होतं, तेव्हा त्याने नौदलाचा रस्ता धरला आणि कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवायला लागला. मास्तर व्हायचंच होतं, झाला. १९७२ मध्ये पीएचडीही पदरात पडली.

मॉंटेरेपासून सिलिकॉन व्हॅली गाडीने फार लांब नाही. तिथल्या इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ नावाची चिप बाजारात आणली होती. कम्प्युटरचा मेंदू एका चिपवर! गॅरीने ती मिळवली, तिच्यावर प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जायला लागला. १९७३ मध्ये त्याने इंटेलच्या चिपसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. मोबदल्यात इंटेलकडून त्याला एक छोटी कम्प्युटर यंत्रणा मिळाली. ती त्याने शाळेतल्या वर्गाच्या मागच्या बाजूला मांडून ठेवली आणि विद्यार्थ्यांना खुली केली.

या यंत्रणेत एक मोठी उणीव होती. माहिती साठवायची कशावर? तेव्हा छिद्रं पाडलेली कागदी पट्टी वापरत. फ्लॉपी डिस्क नुकतीच आलेली. गॅरीने शुगार्ट कंपनीकडून एक वापरून झालेला फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, पण तो चिपला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. (प्रोग्रॅमर आणि सोल्डरिंग आयर्न यांचं सहसा जमत नाही, हे तेव्हाही खरं होतं.) शेवटी विद्यापीठातला मित्र जॉन टोरोड मदतीला आला. त्याने सर्किट बनवलं, गॅरीने डिस्कवर फाइली लिहिणारा-वाचणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९७४ मध्ये ते दोन्ही एकत्र चाललं. त्या प्रोग्रॅमचं नाव सीपी/एम. छोट्या कम्प्युटरसाठीची ही पहिली गाजलेली ऑपरेटिंग सिस्टीम. गॅरीने ती आधी इंटेलला देऊ केली. त्यांना पीएल/एम हवी होती, सीपी/एममध्ये रस नव्हता.

मग त्याने आणि त्याची बायको डोरोथी हिने मिळून स्वतःचीच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे इंटरगॅलॅक्टिक गळलं आणि डिजिटल रिसर्च उरलं. धंद्याची बाजू डोरोथी बघायची. पोस्टाने ७० डॉलरला एक प्रत, असा व्यवहार सुरू झाला.

एका कात्रीने काय केलं

आता आपल्या कामाचा भाग.

सुरुवातीची सीपी/एम एकसंध होती. टोरोडच्या सर्किटशी कसं बोलायचं हे तिच्यात आतपर्यंत मिसळलेलं. पण लवकरच वेगवेगळ्या कंपन्या आपापले कम्प्युटर काढायला लागल्या. कोणाची डिस्क वेगळी, कोणाची स्क्रीन वेगळी, कोणाचा प्रिंटर वेगळा. प्रत्येकासाठी सगळी सिस्टीम पहिल्यापासून दुरुस्त करायची म्हणजे जन्मभर तेच करत बसायचं. १९७६ च्या सुमारास इम्साय नावाच्या कंपनीला तिच्या कम्प्युटरसाठी सीपी/एम हवी होती, तेव्हा गॅरीने ठरवलं की हे बस्स झालं.

त्याने सिस्टीम कापली. हार्डवेअरशी थेट संबंध येणारा जेवढा भाग होता तेवढा बाजूला काढला आणि त्याला नाव दिलं बायॉस. बाकी सगळी सीपी/एम जशीच्या तशी, सगळ्यांसाठी एकच. नवीन कम्प्युटर आला? फक्त बायॉस नव्याने लिहा. आणि ते लिहायचं काम कम्प्युटर बनवणाऱ्याचं, गॅरीचं नाही.

सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत बायॉसने करायची कामं मोजून १७ होती. एक अक्षर कीबोर्डवरून घे. एक अक्षर स्क्रीनवर दाखव. डिस्कचा अमुक तुकडा वाच. तमुक तुकडा लिही. अशी. त्यातली दोन कामं प्रिंटरची होती. एक अक्षर प्रिंटरला पाठव, आणि प्रिंटर पुढचं अक्षर घ्यायला तयार आहे का ते सांग. बास! वरच्या प्रोग्रॅमला प्रिंटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या वायरने जोडलाय, याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त 'लिस्ट' या नावाकडे अक्षरं सोडणार. नावांची ही पद्धत गॅरीने डेक कंपनीच्या मोठ्या कम्प्युटरवरून उचलली होती, पण छोट्या कम्प्युटरच्या जगात ती रुजली त्याच्यामुळे. कीबोर्डवर कंट्रोल आणि पी दाबलं की स्क्रीनवर येणारं सगळं प्रिंटरवरही उमटायला लागायचं, हेही तेव्हापासूनचं.

आज आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो तो हाच दुभाषी. एका बाजूला सगळ्यांना समजणारी ठरलेली मागणी, दुसऱ्या बाजूला त्या एकाच यंत्राची बोली. अँड्रॉइड फोन घ्या. कॅमेरा ॲपला तुमच्या फोनमधला सेन्सर कोणाचा हे माहीत नसतं. मधे एक थर असतो, फोन बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेला. कात्री तीच आहे.

या एका निर्णयाने काय झालं बघा. १९८१ पर्यंत सीपी/एम सुमारे ३००० वेगवेगळ्या मॉडेलच्या कम्प्युटरवर चालत होती. एका मॉडेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतो, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळं विकता येतं. आज ॲप स्टोअरमध्ये जे दिसतं त्याची पहिली पायरी हीच.

पण प्रिंटर एवढा सरळ नव्हता

इथे मी गॅरीला पैकीच्या पैकी मार्क देणार नाही. एक अक्षर पाठव एवढं प्रिंटरला पुरत नाही. ठळक अक्षर हवं असेल तर? रेघ मारायची असेल तर? त्यासाठी प्रिंटरला खास खुणा पाठवाव्या लागतात, आणि प्रत्येक कंपनीच्या खुणा वेगळ्या. बायॉसमध्ये त्याची काहीच सोय नव्हती.

मग ते ओझं प्रोग्रॅमच्या अंगावर आलं. वर्डस्टार हे नाव ऐकलंय? तुमच्या आई-बाबांच्या पिढीत कम्प्युटर क्लासला जो कोणी गेला असेल त्याने वर्डस्टार, लोटस आणि डीबेस हे तिन्ही शब्द घोकलेले असतात. आपल्याकडे ते डॉसवर चालायचं, पण वर्डस्टारचा जन्म सीपी/एमवरचा. ते काढणारा सेमूर रुबिनस्टाइन आधी इम्सायमध्येच होता आणि तिथे असताना त्यानेच गॅरीकडून सीपी/एमचा परवाना २५ हजार डॉलरला पदरात पाडून घेतला होता. तर हे वर्डस्टार पहिल्यांदा बसवताना आधी प्रिंटरची लांबलचक यादी दाखवून विचारायचं, यातला तुमचा कोणता? म्हणजे प्रिंटरचा ड्रायव्हर सिस्टीममध्ये नाही, प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात. तीन प्रोग्रॅम असतील तर एकाच प्रिंटरची ओळख तीनदा करून द्यायची.

चुकीचा प्रिंटर निवडला तर काय व्हायचं? एक उदाहरण देतो, कारण ही चूक आजही होते. एस्केप नावाची एक न दिसणारी खूण आणि तिच्यामागे इंग्रजी 'ई' हे अक्षर, एवढं एप्सनच्या प्रिंटरला पाठवलं तर त्याचा अर्थ, इथून पुढे ठळक छाप. तीच जोडी एचपीच्या लेझर प्रिंटरला पाठवली तर त्याचा अर्थ, सगळं विसर आणि पहिल्यापासून सुरू हो. दोन अक्षरं तीच, अर्थ आभाळाएवढा वेगळा.

म्हणून ऑफिसातल्या प्रिंटरमधून पानामागून पान निघतंय आणि प्रत्येकावर चित्रविचित्र चिन्हांच्या एकदोन ओळी दिसताहेत, असं झालं तर शाई, टोनर, केबल यांच्या मागे लागू नका. आधी तो गठ्ठा थांबवा, कागद तरी वाचेल. मग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या प्रिंटरला नेमका कोणत्या मॉडेलचा ड्रायव्हर लावलाय ते बघा. बहुधा प्रिंटरला न कळणाऱ्या भाषेत कम्प्युटर त्याच्याशी बोलत असतो.

पुढे गॅरीच्या कंपनीने जीएसएक्स नावाची गोष्ट आणली. प्रोग्रॅमने एका काल्पनिक कागदावर चित्र काढायचं, आणि ते स्क्रीन, प्लॉटर किंवा प्रिंटरवर कसं उमटवायचं हे खालच्या ड्रायव्हरने बघायचं. म्हणजे चूक ध्यानात आली होती. मॅक आणि विंडोजनेही हाच रस्ता धरला आणि प्रिंटरचा ड्रायव्हर प्रोग्रॅमच्या पोटातून निघून सिस्टीममध्ये आला.

आपल्या मराठीचं तर आणखीच वेगळं दुखणं. त्या काळच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या आत फक्त रोमन अक्षरं कोरलेली असायची. देवनागरी छापायची तर प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं चित्र म्हणून पाठवावं लागे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कम्प्युटरमध्ये बसवून कितीतरी कार्यालयांनी मराठी कामकाज केलं ते याचसाठी. तो एक वेगळाच लेख होईल.

कोण मागतंय, हे विचारायचंच नाही

आता दुसरी भानगड, परमिशन.

गॅरीच्या डोळ्यांसमोर कोणता कम्प्युटर होता? एका टेबलावरचा, एका माणसाचा. मशीन माझं, फ्लॉपी माझी, प्रिंटर माझा. तिथे तुम्ही कोण असं कशाला विचारायचं? सीपी/एमच्या दुसऱ्या आवृत्तीत ० ते १५ असे युजर क्रमांक आले खरे, पण ती फक्त फाइलींची वाटणी होती. पासवर्ड नाही की काही नाही. यूजर असं टाइप करून पुढे दुसरा आकडा लिहिला की तुम्ही दुसऱ्याच्या खोलीत. घराला खोल्या होत्या, दारांना कड्या नव्हत्या. एमपी/एम नावाची अनेक जणांनी मिळून वापरायची आवृत्ती १९७९ मध्ये आली आणि पुढच्या आवृत्त्यांत फाइलला पासवर्ड लावायची सोयही झाली, पण मूळ घडण एकट्याच्या कम्प्युटरचीच राहिली.

त्याच काळात दुसरीकडे, बेल लॅब्जमध्ये, युनिक्स नावाची सिस्टीम वाढत होती. तिथे एकच मोठा कम्प्युटर बरीच माणसं वापरत. म्हणून प्रत्येक फाइलला मालक, आणि वाचायचं कोणी, लिहायचं कोणी, चालवायचं कोणी, हे पहिल्यापासून ठरलेलं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात याच घराण्यातलं लिनक्स आहे. तिथे तर प्रत्येक ॲपला वेगळा युजर मानलेलं असतं, म्हणून एका ॲपला दुसऱ्याची फाइल सहज दिसत नाही. ॲपने तुमचा मायक्रोफोन मागितला की फोन आधी तुम्हाला विचारतो, आठवतंय ना? तुम्ही या वातावरणात वाढलात. ऑफिसचा विंडोज कम्प्युटर मात्र दुसऱ्या वाटेने इथवर आलाय, आणि त्या वाटेवर गॅरीचं घर लागतं.

तो दिवस

ऑगस्ट १९८०. आयबीएम या अवाढव्य कंपनीला घाईघाईने छोटा कम्प्युटर काढायचा होता आणि त्यासाठी सीपी/एम हवी होती. तिची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला, लाइटहाउस ॲव्हेन्यूवरच्या डिजिटल रिसर्चच्या जुन्या घरवजा ऑफिसात आली. गॅरी सकाळी तिथे नव्हता. तो आपलं विमान घेऊन एका ग्राहकाकडे ओकलंडला गेला होता, कामासाठी, ठरल्याप्रमाणे. आयबीएमने बोलणी सुरू व्हायच्या आधीच एक गुप्ततेचा करार पुढे केला. त्यात सगळी बाजू आयबीएमची. डोरोथी सही करायला कचरली, वकिलाला विचारलं, वेळ गेला. दुपारी गॅरी परत आला.

त्या दुपारी नेमकं काय झालं याबद्दल त्या खोलीतल्या माणसांनी पुढे वेगवेगळं सांगितलं. पण करार झाला नाही. गॅरी विमान उडवत मजा करत होता म्हणून संधी गेली, ही जी गोष्ट इंटरनेटवर मिटक्या मारत सांगतात, ती मात्र अन्यायाची आहे. तो कामाला गेला होता आणि त्याच दिवशी परतही आला होता.

आयबीएम मग मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. त्यांनी सिएटलच्याच एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन याने लिहिलेली सिस्टीम घेतली. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम फार न बदलता उचलून आणता यावेत म्हणून पॅटरसनने सीपी/एमच्याच धर्तीवर ती रचली होती. ए आणि बी नावाचे ड्राइव्ह, आठ अक्षरांचं फाइलचं नाव आणि पुढे तीन अक्षरांची शेपटी, प्रोग्रॅमने सिस्टीमकडे काम मागायची पद्धत, सगळं ओळखीचं. आणि हो, उपकरणांची राखीव नावंही. हीच पुढे डॉस झाली.

गॅरी चिडला. आयबीएमशी बोलणी होऊन असं ठरलं की आयबीएमच्या कम्प्युटरबरोबर सीपी/एमसुद्धा विकायला ठेवायची. ठेवली. डॉसची किंमत ४० डॉलर, सीपी/एमची २४०. कोण घेणार?

डॉसबरोबर सीपी/एमचा तो एकटेपणाही आला. डॉसला युजर माहीतच नव्हता. विंडोज ९५ आणि ९८ ला लॉगिनची खिडकी होती, पण घरच्या कम्प्युटरवर पासवर्ड न टाकता एस्केप दाबलं तरी आत जाता यायचं. मायक्रोसॉफ्टने परमिशनची खरी व्यवस्था असलेली विंडोज एनटी १९९३ मध्येच काढली होती, पण ती घरोघर पोचली २००१ मध्ये एक्सपीच्या रूपाने. तोवर लाखो प्रोग्रॅम असे लिहून झाले होते की ज्यांना सगळ्या मशीनची मालकी आपली आहे असंच वाटायचं. साध्या युजरने चालवले की ते अडखळायचे. मग ऑफिसात सरसकट सगळ्यांना ॲडमिन करून टाकायची सवय लागली. ही सवय आजही कितीतरी छोट्या ऑफिसांत आहे.

आज तुमच्या टेबलावर

प्रिंटरच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत अडकतात, कारण ड्रायव्हर म्हणजे नुसती सेटिंग नव्हे, तो चालणारा प्रोग्रॅम आहे. विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा स्पूलर हा सगळ्यात वरच्या अधिकाराने चालतो. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची गडबड उघडकीला आली. साधा युजर ड्रायव्हर म्हणून भलताच प्रोग्रॅम स्पूलरच्या गळ्यात मारू शकत होता, आणि तो मग पूर्ण मशीनचा मालक व्हायचा. त्या ऑगस्टच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केला. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला किंवा बदलायला ॲडमिन हवा. कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज अचानक ॲडमिनचा पासवर्ड का मागतो, याचं उत्तर बऱ्याच ऑफिसांत हेच आहे. प्रिंटर बिघडलेला नसतो.

तेव्हा कोणी हाक मारली तर आधी तुमचा फोन बाहेर काढा. फोन आणि प्रिंटर एकाच वायफायवर असतील (ऑफिसात पाहुण्यांचं वायफाय वेगळं असतं, तिथे हे चालणार नाही) तर एखादा फोटो फोनवरूनच प्रिंटला द्या. आजकालच्या बऱ्याच प्रिंटरना एक सामाईक भाषा येते, त्यामुळे फोनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कागद आला? मग प्रिंटर आणि नेटवर्क ठीक, दोष कम्प्युटरमध्ये. आता त्याच कम्प्युटरवर दुसऱ्या कोणाला तरी लॉगिन करून तोच कागद काढायला सांगा. त्याचा निघाला आणि पहिल्याचा नाही, तर भानगड परमिशनची किंवा त्या युजरच्या सेटिंगची. दोघांचाही नाही निघाला तर ड्रायव्हर किंवा स्पूलर.

स्पूलर अडकला असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन तो बंद करून पुन्हा चालू करायचा. त्यालाही ॲडमिन लागतो. आणि रांगेत पुढे दुसऱ्याची फाइल अडकलेली असेल तर ती तुम्हाला काढता येणार नाही, फक्त स्वतःची काढता येते. विंडोज प्रिंटरवर तीन वेगळे हक्क ठेवतं: प्रिंट काढणं, कागदपत्रांची रांग सांभाळणं आणि प्रिंटरच सांभाळणं. साध्या युजरला सहसा पहिला मिळतो, आणि स्वतःच्या फाइलपुरता दुसरा. अकाउंट्सवाल्या ताईंची ४० पानी फाइल अडकली असेल तर ताईंनाच बोलवा, त्यांच्या लॉगिनने ती निघेल.

एक विनंती. वैतागून त्या युजरला ॲडमिन करू नका, आणि तो नियम बंद करायचा जो रजिस्ट्रीचा उपाय यूट्यूबवर मिळतो तोही लावू नका. २०२१ मध्ये बुजवलेलं भोक तुम्ही परत उघडाल. ऑफिसचा कम्प्युटर बघणाऱ्या माणसाला सांगून योग्य ड्रायव्हर एकदा त्या मशीनवर बसवून घ्या. ड्रायव्हर आधीच जागेवर असला की साध्या युजरला प्रिंटर जोडताना सहसा पासवर्ड लागत नाही.

शेवटची वर्षं

गॅरी गप्प बसला नव्हता. १९८३ पासून १९९० पर्यंत तो स्टुअर्ट शिफे यांच्याबरोबर कम्प्युटर क्रॉनिकल्स नावाचा टीव्ही कार्यक्रम करत होता. त्याचे भाग आजही इंटरनेटवर आहेत, जरूर बघा. शांत, दाढीवाला, दुसऱ्याचं कौतुक करताना हात आखडता न घेणारा माणूस दिसतो. स्पर्धकांची उत्पादनंही तो तितक्याच उत्सुकतेने उलगडून दाखवतो. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या मदतीने एक पूर्ण विश्वकोश एका सीडीवर आला, आणि तेव्हा बहुतेकांनी सीडी फक्त गाण्यांसाठी पाहिली होती. १९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डॉसला टक्कर द्यायला डीआर-डॉस काढली. १९९१ मध्ये नॉव्हेलने कंपनी विकत घेतली आणि गॅरीला भरपूर पैसा मिळाला.

पैसा मिळाला, पण एक सल राहिलाच. डोरोथीशी त्याचा संसार आधीच मोडला होता. जिकडे जाईल तिकडे लोक त्याला विमानाची ती गोष्ट विचारायचे. १९९२ मध्ये त्याच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली. पीएचडी झालेला हा माजी विद्यार्थी पाहुण्यांत बसला आणि मुख्य भाषणाला बोलावलं होतं बिल गेट्सला, ज्याने ना तिथून पदवी घेतली होती ना आणखी कुठून. त्यानंतर गॅरीने आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि १९९३ मध्ये मोजक्या मित्रांना वाटल्या. दारूही वाढली होती.

जुलै १९९४ मध्ये मॉंटेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२. त्याच्या आठवणींचा काही भाग २०१६ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी, कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सगळ्यांसाठी खुला केला.

पॅसिफिक ग्रोव्हमधलं ८०१ लाइटहाउस ॲव्हेन्यू हे घर अजून आहे. २०१४ मध्ये इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयईईईने, तिथे सीपी/एमच्या नावाची एक पाटी बसवली. आणि ऑफिसातल्या कम्प्युटरवर पीआरएन नावाचं फोल्डर अजूनही बनत नाही.